दुसरी किल्ली

प्रश्न : वय ६४. एका बँकेतून हेड कॅशियर म्हणून निवृत्त झालो. स्ट्राँगरूमची एक किल्ली माझ्याकडे, दुसरी साहेबांकडे, दोन्ही लागल्याशिवाय दार उघडायचं नाही, यात ३६ वर्षं गेली. मे महिन्यात अकरावीतली नात राहायला आली होती. जाताना तिचं ‘सिक्स ऑफ क्रोज’ इथेच विसरली. दुपारी पंख्याखाली सहज उघडलं आणि डिक्शनरी शेजारी घेऊन चार दिवसांत संपवलं. मग तिने सांगितलेलं ‘मिस्टबॉर्न’ही झालं. दोन्हीकडे जादू आणि दोन्हीकडे चोर. ते सापडू नयेत म्हणून वाचताना माझा जीव वरखाली होतो. सौ. म्हणते, “जन्मभर राखलंत, आता फोडायला निघालात.” हसण्यावारी नेतो, पण मनात येतं, मी आतून असाच होतो की काय? दुसरं म्हणजे, नातीला आता माझ्याबरोबर अशीच एक गोष्ट लिहायची आहे. ती फोनवर बेत सांगते, मी चुका काढतो. “पहारेकरी असं करणार नाही.” “डुप्लिकेट किल्ली त्याच इमारतीत कोणी ठेवत नाही.” परवा “आजोबा, तुम्ही सगळी मजा घालवता” म्हणाली आणि फोन ठेवून दिला. काय करावं?
— एक निवृत्त कॅशियर, सांगली

उत्तर :

काका (परवानगी गृहीत धरून म्हणते),

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना तुमच्या नातीचा थोडा रागच आला. घरात स्ट्राँगरूमचा माणूस असताना तिजोरीची गोष्ट लिहायला निघालेली मुलगी त्याच्यावरच फोन ठेवते म्हणजे काय! पण तिच्याकडे नंतर येते. आधी काकूंचा टोमणा.

त्याचं उत्तर तुम्ही वाचलेल्या पुस्तकातच आहे आणि ते तुमच्या नजरेतून कसं सुटलं याचं मला नवल वाटतं. ली बार्डूगोची ती कादंबरी २०१५ची. केटरडॅम हे ॲमस्टरडॅमच्या वळणाचं, कालव्यांचं आणि व्यापाऱ्यांचं शहर. तिथला सतरा वर्षांचा काझ ब्रेकर तीन कोटी क्रूगच्या बोलीवर एक अशक्य काम अंगावर घेतो : बर्फाच्या देशातल्या, आजवर कोणी न फोडलेल्या किल्ल्यातून एक माणूस बाहेर काढायचा. टोळी जमवताना तो भिंती चढणारी इनेज घेतो, नेमबाज घेतो, सुरुंगाचं काम येणारा पोरगा घेतो, नुसत्या हातवाऱ्यांनी समोरच्याच्या काळजाचे ठोके आवरणारी निना घेतो. तरी बेत पुढे सरकत नाही. तो सरकतो मॅथियासला तुरुंगातून पळवून आणल्यावर, कारण मॅथियास त्या किल्ल्याच्या फौजेतला. कुठलं दार कोणाच्या ताब्यात, घंटा कशी वाजली की काय समजायचं, हे त्याच्या अंगात मुरलेलं. म्हणजे चोरांच्या टोळीला सगळ्यांत आधी पहारेकरी लागला. तुम्ही ती गोष्ट त्याच्या जागेवर बसून वाचत होतात. (जाता जाता : आपल्या कायद्यात पाच जणांनी मिळून जबरी चोरी केली की तो दरोडा. हे सहा होते.)

राखणारा आणि फोडणारा एकाच भिंतीकडे बघतात. संध्याकाळी कॅश टॅली झाल्यावर, दोन्ही किल्ल्या फिरल्यावर, तुम्ही दार एकदा ओढून बघत असालच. तेव्हा डोक्यात जो विचार येतो, ‘इथून कोणी आलं तर?’, तो चोराचाच विचार आहे, फक्त पगारी. आपल्या किल्ल्यांना चोरदरवाजा असतो. नाव चोराचं, पण बांधतो तो किल्ल्याचा मालक, स्वतःला निसटता यावं म्हणून. आणि हिरकणीची दंतकथा आठवा. रायगडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं मूल, म्हणून ती गवळण कडा उतरून गेली. दुसऱ्या दिवशी महाराजांनी तिचा साडीचोळी देऊन गौरव केला आणि ती उतरली तिथे बुरूज बांधला. दुसरी गोष्ट आपण भाषणात पटकन उरकतो. मला तीच जास्त आवडते. पहाऱ्यातलं भोक एका बाईने दाखवून दिलं, ते बुजवलं आणि बुरुजाला नाव तिचं.

तेव्हा न केलेल्या चोरीचं चांदणं मनात बाळगू नका.

आता या गोष्टींत नेमकं काय आवडतं, ते सांगते. आपल्याला देखणं काम बघायला आवडतं. याचा माझ्या माहितीतला सगळ्यांत सुंदर नमुना इंग्रजीत नाही आणि तो तुमच्या घरापासून फार लांबही नाही. शूद्रकाचं ‘मृच्छकटिक’. तुमच्या हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांनी ते मराठी रंगभूमीवर आणलं, पण या कामासाठी मूळ नाटकाचा तिसरा अंक कुठल्याही भाषांतरात काढून वाचा.

मध्यरात्र. शर्विलक नावाचा ब्राह्मण चोर चारुदत्ताच्या भिंतीशी उभा आहे. आवडत्या दासीला गुलामीतून सोडवायला त्याला पैसा हवाय. तो आधी भिंत चाचपतो. रोज सूर्याला अर्घ्य देऊन देऊन कुठे माती भुसभुशीत झाली आहे? उंदराने कुठे उकरलंय? सापडली जागा. मग शास्त्र : भाजलेली वीट असेल तर ओढून काढायची, कच्ची असेल तर कापायची, मातीची असेल तर भिजवायची, लाकूड असेल तर चिरायचं. इथे भाजलेली आहे. आता भोकाचा आकार कोणता? उमललेलं कमळ, सूर्य, चंद्रकोर, विहीर, स्वस्तिक, पूर्णकुंभ... तो पूर्णकुंभ निवडतो, कारण भाजक्या विटेत तोच शोभून दिसेल आणि सकाळी शेजारीपाजारी जमतील तेव्हा कामाला नावं ठेवायला जागा राहणार नाही. मापाची दोरी मात्र घरी विसरलाय. मग जानवं काढतो. ब्राह्मणाला जानवं फार उपयोगी, असं वर म्हणतो : भिंत मोजता येते, दागिन्यांचे फासे सोडवता येतात, दाराची कडी निघते, साप चावला तर बांधता येतं. आणि त्याच क्षणी त्याला साप चावतो.

या साहेबांच्या अंगाला गुरूने दिलेलं एक अंजनासारखं औषधही चोपडलेलं आहे. ते लावलं की पहारेकऱ्याला माणूस दिसत नाही आणि शस्त्र लागत नाही. म्हणजे जादू आलीच. पण शूद्रक किती पक्का! ते औषध त्याला सापापासून वाचवत नाही, दिव्यापासून वाचवत नाही, झोपलेल्या माणसांचा श्वास खरा की खोटा हे त्याच्या वतीने ठरवत नाही. ते सगळं शर्विलकाला स्वतःच करावं लागतं. आत जाऊन बघतो तर मृदंग, वीणा, पोथ्या. घर कलावंताचं आणि कफल्लक. बिचारा निघायच्याच बेतात असतो, तेवढ्यात झोपेत बरळणारा चारुदत्ताचा मित्र मैत्रेय त्यालाच चारुदत्त समजून दागिन्यांचा डबा हातात देतो. आणि सकाळी चारुदत्त ते भोक बघून काय म्हणतो? काय सुंदर भोक आहे! त्याला वाईट वाटतं ते इतका कष्टाळू माणूस आपल्या दारिद्र्यामुळे रिकाम्या हाताने गेला असेल याचं.

ज्याचं घर फुटलं त्यानेच दाद द्यावी, याहून मोठं प्रशस्तिपत्र कुठल्या कारागिराला मिळालंय? तुमच्या खालीवर होणाऱ्या जिवामागे हा चारुदत्त आहे.

मग ही गोष्ट जादूच्या जगातच का रंगते, खऱ्या बँकेत का नाही, असं तुम्ही पत्रात विचारलेलं नाही, पण मला सांगायचंय. खऱ्या चोरीत आता बघण्यासारखं काही उरलेलं नाही. कोणीतरी फोनवर गोड बोलतं, ओटीपी विचारतं आणि एका निवृत्त शिक्षिकेची पुंजी जाते. तिथे ना भिंत, ना रात्र, ना कौशल्य. त्यात चोराच्या बाजूने कोण उभं राहील? जादूच्या जगात लेखक कुलूप नव्याने घडवू शकतो, आणि चांगला लेखक ते आपल्यादेखत घडवतो. हे मला या प्रकारातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. कुलपाचे नियम चोरीच्या आधी, उघड सांगायचे. जादूला मर्यादाच नसेल तर कोणीतरी फुंकर मारेल, दार उघडेल, पान दोनवर गोष्ट संपेल. ‘तिळा तिळा दार उघड’ इतकी वर्षं टिकलं ते दार उघडतं म्हणून थोडंच? अलीबाबाचा भाऊ कासिम आत जातो, सोनं बघून डोकं फिरतं आणि बाहेर पडताना नेमका तीळ आठवत नाही. बाकी सगळी धान्यं घेऊन बघतो. दार ढिम्म. पासवर्ड विसरलेल्या ग्राहकाचा चेहरा तुम्ही काउंटरवरून हजारदा पाहिला असेल.

‘मिस्टबॉर्न’ तुम्हाला का भावलं असेल, याचा मला अंदाज आहे : नाणी. ब्रँडन सँडरसनचं ते पुस्तक २००६चं. त्यात धातूची कणी गिळायची, पोटात ती जाळायची, आणि त्या त्या धातूची एकेक शक्ती मिळते. पोलादाने आजूबाजूच्या धातूला रेटा देता येतो. पण हिशेब वजनाचा आहे. ज्याला रेटाल ते तुमच्यापेक्षा हलकं असेल तर ते उडणार, जड किंवा जमिनीला पक्कं असेल तर तुम्ही उडणार. म्हणून चोरांचा म्होरक्या केल्सियर नाणं खाली टाकतो. ते फरशीला टेकतं, पुढे जायला वाव राहत नाही, आणि त्याच्यावर रेटा देऊन तो स्वतः तटावर जातो. तेच नाणं समोरच्या शिपायाकडे रेटलं तर गोळी होते. एकदा हे समजलं की प्रत्येक खोलीत शिरताना आपणच बघायला लागतो, धातू कुठे आहे, खिळे कुठे आहेत, कोणाच्या अंगावर चिलखत आहे. जन्मभर नाणी मोजलेल्या माणसाला नाण्याचा हा उपयोग कोणी सांगितला नव्हता!

राखणदारांबद्दल प्रेम असेल तर टोल्कीनचं ‘हॉबिट’ही घ्या, १९३७चं. मुलांचं म्हणून सोडून देऊ नका. तेरा बुटके एका घरबशा, दोन वेळा नाश्ता करणाऱ्या गृहस्थाला ‘घरफोड्या’ म्हणून चक्क कराराने नेमतात, हिस्सा नफ्याचा चौदावा. तो डोंगरात शिरून निजलेल्या ड्रॅगनच्या ढिगातून एकच पेला उचलतो. सोन्याचा डोंगर, त्यातला एक पेला, आणि जाग आल्या आल्या ड्रॅगनला तो कमी असल्याचं कळतं. कॅश शॉर्ट! त्याचं थैमान वाचताना मला नेहमी हेड कॅशियर आठवतात. राग मानू नका. ड्रॅगनचा पेला चोरीला जाण्याची ही कल्पना फार जुनी आहे, जुन्या इंग्रजीतल्या ‘बेओवुल्फ’मध्येही ती आहे.

स्कॉट लिंचचं ‘द लाइज ऑफ लॉक लमोरा’ (तेही २००६चं) नातीने अजून सुचवलं नसेल तर कारण मला माहीत आहे : शिव्या फार आहेत. तरी वाचा, फक्त मोठ्याने नको. त्यातले चोर देवळातल्या पुजाऱ्यांच्या वेषात राहतात, खानदानी सरदारांना लुटतात, आणि त्या पैशाचं करायचं काय हे त्यांना कळत नाही. देवळाखालच्या तळघरात नुसता ढीग वाढतोय. चोरांनाच तिजोरी सांभाळत बसावी लागते.

आता पापपुण्याचं. काकूंना पुस्तकांपेक्षा पुराणाचा दाखला पटेल असं धरून चालते. महाभारताच्या आदिपर्वातला गरुड घ्या. कद्रू आणि विनता या सवतींची पैज लागते, दिव्य घोड्याची शेपटी काळी की पांढरी. कद्रू आपल्या सर्पपुत्रांना शेपटीला चिकटून बसायला सांगते, शेपटी काळी दिसते, विनता दासी होते. म्हणजे फसवणूक आधी तिकडून झाली आहे. हे लक्षात ठेवा, या प्रकारच्या प्रत्येक गोष्टीत ते असतं. गरुड विचारतो, आईला सोडवायचं मोल काय? साप म्हणतात, अमृत आण.

आणि मग तिजोरीचं वर्णन. आधी देवांची फौज. मग चहूबाजूंनी आग. त्याच्या आत धारदार पात्यांचं सतत फिरणारं चक्र. चक्राखाली पापणी न लवणारे दोन नाग, त्यांची नजर पडेल तो भस्म. प्रत्येक कडीला गरुडाची वेगळी युक्ती आहे. नद्या तोंडात भरून आणून आग विझवतो, अंग एवढंसं करून आऱ्यांच्या फटीतून आत शिरतो, नागांच्या डोळ्यांत धूळ उडवतो. अमृत उचलतो आणि स्वतः एक थेंबही पीत नाही. विष्णू प्रसन्न होतो तो या संयमावर. वाटेत इंद्र वज्र मारतो, गरुड त्या वज्राचा मान राखायला एक पीस खाली सोडतो, आणि दोघांची मैत्री होते. खरी गंमत इथून पुढे आहे. गरुड इंद्राला सांगतो, मी कुंभ सापांसमोर ठेवेन, ठेवला की तू उचल. सापांना म्हणतो, हे घ्या अमृत, दर्भावर ठेवलंय, आंघोळ करून या आणि प्या. माझी आई आता मोकळी. साप आंघोळीला जातात. परत येतात तर दर्भ रिकामा. ते दर्भच चाटत बसतात आणि जिभा चिरल्या जातात.

सौदा शब्दशः पाळला, आई सुटली, मालकाचा माल मालकाकडे परत, आणि फसवणारे फसले. आजचा कुठला लेखक याहून बेतशुद्ध चोरी रचतो ते मला दाखवा. शिवाय शिंक्यावरच्या लोण्याची चोरी आपण दरवर्षी थर लावून साजरी करतोच. चोरीला पोलीस बंदोबस्त देणारा दुसरा सण माझ्या माहितीत नाही.

तर नात.

तिची बाजू आधी सांगते. या गोष्टींचा एक अलिखित संकेत आहे. बेत वाचकाला आधी सविस्तर सांगितला तर तो फसायला हवा, आणि पार पडायचा असेल तर त्यातला एक तुकडा झाकून ठेवायला हवा. नाहीतर तेच दोनदा वाचावं लागतं. ती तुम्हाला फोनवर सांगते तो बहुधा फसण्यासाठीचाच बेत असेल, आणि तुम्ही तो फसण्याआधीच फाडून टाकता. वर तो उलगडायचा क्षण तिच्याकडून हिरावला जातो. मजा घालवता म्हणते ती यासाठी.

तुमची बाजू अशी, की तुमच्या हरकती खऱ्या आहेत आणि गोष्टीला त्यांची गरज आहे. फक्त त्या फोनवर उडवायच्या नसतात, बांधायच्या असतात. म्हणून कामाची वाटणी करा. तिजोरी तुमची, टोळी तिची. एक मोठा कागद घ्या आणि कोषागार काढा. जादूचंच, तिच्या जगाच्या नियमांनी चालणारं, पण पहारा तुमच्या शिस्तीचा : कोण किती वाजता बदलतो, कुठली नोंद कुठल्या वहीत, कोणाची सही राहिली तर काय थांबतं. खऱ्या शाखेतली एकही सवय त्यात येऊ देऊ नका, हे तुम्हाला सांगायला नको. कागदाचा फोटो तिला पाठवा आणि गप्प बसा. ती आत कशी शिरते ते तिचं तिला शोधू द्या. हरकत घ्यायचीच झाली तर गोष्टीतल्या एखाद्या पात्राच्या तोंडून घ्या. एक खडूस म्हातारा कोषाध्यक्ष ठेवा, त्याला बोलू दे. लोक चोरांपेक्षा त्याच्याच प्रेमात पडण्याचा धोका आहे, तेवढा तिला आधी सांगा.

आणि दोन किल्ल्यांचा नियम जसाच्या तसा उचला. तो कुठल्याही मंत्रापेक्षा भारी आहे. दोन माणसं एकाच वेळी दाराशी आल्याशिवाय दार उघडत नाही. समजा त्या दोघांत वीस वर्षांचा अबोला आहे, आणि चोरांना आधी त्यांच्यात समेट घडवून आणावा लागतो. किंवा एक किल्ली आजोबाकडे आहे आणि दुसरी... पण मी कशाला रचत बसू, हे तुमचं आहे.

फोन तुम्हीच करा, रात्री नऊनंतर, तिचा क्लास सुटून जेवण झाल्यावर. डुप्लिकेट किल्लीबद्दल तुमचंच बरोबर आहे, पण ते आठवडाभर तरी बोलू नका.